सरळ ओढीचा दोर

बाबा, उद्या दादा तुमच्यावर बोलणार आहे. शेडमध्ये, मशीन बंद करून, माणसांसमोर उभा राहून. ज्या जागेवर तुम्ही त्याची जीभ मोडलीत तीच जागा त्याने निवडली आहे. पोळ्याच्या थोडी आधी येणारी तुमची पुण्यतिथी तो न चुकता करतो. दोरासाठी वितळवायच्या प्लास्टिकच्या दाण्याची पोती भिंतीला सारतो, सतरंज्या घालतो, मशीनमध्ये दाणा ओततात त्या टोकाला टेबलावर तुमचा फोटो ठेवतो. नेरपासून केळापूरपर्यंतचे आपल्या दोराचे जुने दुकानदार येतात, चहा-आलूबोंडा घेतात, आणि कोणीतरी निवृत्त मुख्याध्यापक तुमच्या जिद्दीवर बोलतात. त्यांनी तुम्हाला घरात कधी पाहिलेलं नसतं. दरवर्षी दादा मला म्हणायचा की तूच बोल, तुझं तर सारे ऐकतात. दरवर्षी मी म्हणायचे, मी बोलले तर तुला तो फोटो तिथून उचलावा लागेल. यंदा त्याने मला विचारलंच नाही. मी यवतमाळला आल्याच्या दुसऱ्या सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा मी बोलतो. तू मांगं बसजो, वाइंडरपाशी. आयकू नाही आलं तं हात वर करजो." एवढं त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत गॅसवरचा चहा उतू गेला. मी ते सलग लिहिते आहे, कारण जसं निघालं तसं लिहिलं तर वाचता वाचता तुमचाच हात वर जाईल.

आधी त्या हाताचं बोलू. मी शाळेत आहे, वक्तृत्व स्पर्धा जवळ आली आहे, आणि तुम्ही मला दाण्याच्या पोत्यांवर उभं केलं आहे. मशीन चालू आहे. तुम्ही शेडच्या दुसऱ्या टोकाला, सूत गुंडाळणाऱ्या वाइंडरपाशी जाऊन उभे राहता. मी भाषण सुरू करते. शब्द तुमच्यापर्यंत पोचला नाही की तुम्ही उजवा हात वर करता. ओरडत नाही, रागावत नाही, नुसता हात. मग मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून. आई कोमट मिठाचं पाणी घेऊन येते, तुम्ही तो तांब्या तिच्या हातून घेऊन जमिनीवर ठेवता आणि सांगता की झाल्यावर. मला वाटायचं घसा म्हणजे एक नळी आहे आणि तुम्ही तिचं दुसरं टोक धरून उभे आहात. एकदा मी थुंकले तर लाल आलं. तुम्ही वाकून पाहिलंत आणि समाधानाने म्हणालात, "सुटला आवाज." खरंच सुटला. आज मोर्च्यात, सभेत, कुठे वीज गेली आणि लाउडस्पीकर बंद पडला की माणसं घाबरत नाहीत, म्हणतात बाईंना माइक लागत नाही. मी मान झुकवून नमस्कार करते. हा आवाज कुठल्या शेडमध्ये काढला, हे कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

तुमचं सगळं तत्त्वज्ञान एका पट्टीत होतं. डायमधून, म्हणजे मशीनच्या तोंडच्या साच्यातून निघालेली, पाण्यात गार झालेली, पण अजून रोलरवर न ताणलेली पट्टी. दुधट, जाडसर, मऊ. तुम्ही ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ओढ. मी ओढली. पट्टीला मधोमध कंबर आली, ती कंबर दोन्ही बाजूंना पसरत गेली, पट्टी लांब, पातळ, चकचकीत झाली, आणि मग कितीही जोर लावला तरी तुटेना, उलट माझं बोट कापलं. तुमचा चेहरा तेव्हा किती देखणा दिसला होता. "पाह्यलं? आता बैल बांध याले. माणूस बी असाच घडते. ओढल्याबिगर कोणी मजबूत होत नाही." मी भारावून पट्टीकडे पाहून हसले आणि ती दप्तरात घालून शाळेत नेली. वर्गात चाळा म्हणून तिच्यावर नख टेकवलं, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली, केळीचं पान फाटावं तशी, काही जोर न लागता. संध्याकाळी मी धावत तुमच्याकडे आले. मला वाटलं मी काहीतरी शोधून काढलं आहे. तुम्ही दोन्ही तुकडे पाहिलेत आणि विचारलंत, "तुले कोणी सांगतलं आडवं ओढाले? दोर कोणी आडवा ओढत असते काय?" मग जेवणाआधी तुम्ही स्वतः माझी नखं कापलीत. अगदी मुळापर्यंत, कातडीसकट. भात कालवताना बोटं झोंबत होती आणि तुम्ही शेजारी बसून शांतपणे जेवत होता.

तुमच्यावर खटला भरायचा म्हणून मी पुढे रसायनशास्त्र शिकले. लोकांना वाटतं मी इतिहास आणि कायदा वाचते. तेही वाचते, पण तुमचा गुन्हा त्या पुस्तकांत नव्हता. तो वितळलेल्या प्लास्टिकच्या शास्त्रात होता. दाणा वितळतो तेव्हा त्यातले लांबच लांब रेणू, शास्त्रात त्यांना साखळ्या म्हणतात, शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. तो रस शांतपणे गार होऊ दिला तर एकेका बिंदूभोवती स्फटिक चहूबाजूंनी वाढतात, झेंडूच्या फुलासारखे गोल. असा माल फार ताकदीचा नसतो, पण कुठल्या एकाच बाजूने कच्चाही नसतो. रस वाहता असला, ओढला जात असला, की सगळं बदलतं. डायच्या तोंडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जे वीतभर अंतर असतं तिथे हे ठरतं. साखळ्यांना सैल व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त घाईने ओढलं की त्या सरळ ताठ होतात. सगळ्या एकदम नाही. आधी सर्वांत लांब असते ती, कारण ताणल्यावर पुन्हा जागेवर यायला तिलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. ती सावरायच्या आत गोठते आणि तिची सळई होते. बाकीच्या आखूड साखळ्या मग त्या सळईवर आडव्या थरांनी चढत जातात. या रचनेला शास्त्रज्ञ शिश-कबाब म्हणतात, सळईत ओवलेल्या मांसाच्या तुकड्यांवरून.

हे वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात होते, आणि मला त्या पानावर आपलं घर दिसलं. दादा हळू होता, बाबा. तुम्ही त्याला मठ्ठ म्हणायचात. भीतीतून, रागातून, अगदी हसण्यातूनसुद्धा परत जागेवर यायला त्याला वेळ लागायचा, एवढंच होतं ते. तुमच्या ओढीत म्हणून तोच आधी सापडला आणि तसाच ताठ गोठला. आणि मी, जिच्या हुशारीचं कौतुक तुम्ही बाजारभर सांगत फिरलात, त्या सळईवर चढलेला थर आहे. तुमचं लक्ष त्याच्यावर होतं म्हणून मला वाढायला जागा मिळाली. त्याच शास्त्रात हेही लिहिलेलं आहे की सावकाश ओढलं तर साखळ्या सरकतात, एकमेकींना वाट देतात, पुन्हा सैल होतात आणि कोणी सळई होत नाही. वेग तुमचा होता. दाण्यात काही खोट नव्हती.

आता दादाची जीभ मोडली त्या वर्षाकडे येते. पोळ्याला बैलाच्या अंगावर जुना दोर कोणी ठेवत नाही. नवी वेसण, नवा कासरा, तोंडावर बांधायची नवी म्होरकी. आपल्या शेडचं वर्ष त्या एका सणावर चालायचं. त्या हंगामात तुम्ही रोलरचा वेग वाढवलात. सूत केसासारखं बारीक आणि रेशमासारखं चमकदार निघू लागलं. दादा कोपऱ्यात बसून म्होरक्या बांधायचा, म्हणजे दोर हातात घेऊन गाठी मारायचं काम त्याचं. तेव्हा तो नीट बोलत होता, हळू पण नीट. दुकानदार माल बघायला आलेले असताना तो उठून आला आणि म्हणाला, "बाबा, गाठीत चिरते." तुम्ही हसलात. वरच्या लोखंडी अँगलला दोर बांधून त्यावर दाण्याचं भरलेलं पोतं लटकवलंत, पोतं डोलत राहिलं, दोराला काही झालं नाही. "कुठं तुटला?" तुम्ही दुकानदारांना विचारलंत, दादाला नाही. दादाने त्याच दोराचा तुकडा घेतला, बैलाच्या गालापाशी मारतात तशी साधी गाठ मारली आणि झटका दिला. गाठीपाशी दोराचे तंतू झाडूसारखे उघडले. एक दुकानदार म्हणाला, "हे पोरगं बापालेच इकून येईन, बाप्पा." सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि तुमचं हसणं ऐकून मी पाण्याच्या टाकीमागे सरकले.

"चढ पोत्यावर," तुम्ही दादाला म्हणालात. "सांग सगळ्याईले. दोर चांगला हाये." आणि वाइंडरच्या टोकाला चालत गेलात. दादाने म्हटलं. तुमचा हात वर. पुन्हा म्हटलं. हात वर. मशीन घरघरत होती, पट्ट्या पाण्यातून रोलरवर सरकत होत्या, आणि माझा भाऊ जे खोटं आहे हे त्याने आत्ताच दाखवलं होतं तेच वाक्य ओरडत होता. दुकानदार खाली बघू लागले. एकाने पिशवी उचलली, मग तुमच्याकडे पाहून परत ठेवली. आधी त्याचा आवाज फाटला, मग वाक्य फाटलं, मग शब्द. तुमचा हात खाली आला नाही. तेवढ्यात वीज गेली. मशीन थांबली, आणि त्या शांततेत पोत्यावरून नुसता द, द, द ऐकू येत राहिला. तुम्ही हात खाली केलात. "आता आलं आयकू," असं म्हणून दुकानदारांसाठी चहा मागवलात.

त्या दिवसानंतर दादा कधी सलग बोलला नाही. पोळ्याच्या दिवशी मुकुटबनकडच्या एका गावात तोरणाखाली बैल उभे होते, डफडं वाजत होतं, एक बैल बुजला आणि म्होरकी गाठीत चिरली. बैल माणसांत शिरला आणि त्याच्याच म्हाताऱ्या धन्याची मांडी मोडली. दुसऱ्या दिवशी त्याचे पुतणे म्होरकीचा तुकडा घेऊन शेडमध्ये आले. तुम्ही तो तुकडा हातात फिरवून पाहिलात आणि म्हणालात, "दोर माहा हाये, गाठ या पोराची. दोर तुटला काय? गाठ सुटली." दादा बोलायला गेला. त्याला दोर हा शब्द पाहिजे होता आणि तोच शब्द निघत नव्हता. समोरच्यांना वाटलं पोरगं कबूल करतंय. एकाने त्याच्या थोबाडीत मारली. तुम्ही मध्ये पडला नाहीत. उलट त्यांना नवी म्होरकी दिलीत, आणि ते तुम्हाला हात जोडून गेले. मी आयुष्यभर अन्यायावर बोलत आले. माझ्या भाषणातला प्रत्येक जुलमी माणूस, कुठल्याही काळातला, कुठल्याही राज्यातला, त्या पुतण्यांना निरोप देताना तुम्ही जसे उभे होतात तसाच उभा असतो.

घरी तुम्ही त्याला बरं करायला घेतलंत. ताटावर बसला की जे पाहिजे ते पूर्ण वाक्यात मागायचं. आई वरणाची वाटी घेऊन वाकलेली, दादा मान खाली घालून शब्दाशी झटतोय, आणि तुम्ही म्हणता, "पूर्ण बोल. तुटका माल कोण घेते?" वरण गार व्हायचं. आईने कधी ती वाटी तशीच त्याच्या ताटात रिकामी केली नाही, आणि तिला मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही. दादा कोरडी पोळी खाऊन उठायचा. आजही तो वरण घेत नाही. वहिनी म्हणते त्यांना आवडत नाही. त्याच वर्षी मी स्पर्धा जिंकले. माझ्या पदकाची फीत तुम्ही काढून टाकलीत आणि आपल्या चमकदार सुताचा बारीक गोफ त्यात ओवून माझ्या गळ्यात घातलात, म्हणालात हे तुटणार नाही. पदक मी केव्हाच फेकलं. गोफ ठेवला आहे. गाठीपाशी तो पिंजून गेला आहे.

तुम्ही शेडमध्येच गेलात, वाइंडरच्या खुर्चीत. मशीन चालू होती. दादा दुसऱ्या टोकाला गाठी मारत होता. डॉक्टर म्हणाले की छातीत कळ आली असणार, हाक मारली असणार. मशीनच्या आवाजात हाक कुठवर पोचते हे आपल्या घरात तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. दादाला ती ऐकू आली होती का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. ऐकू आली असेल आणि तो उठला नसेल, तरी माझं त्याच्यावरचं प्रेम रतीभर कमी होणार नाही. हे मी तुमच्या तोंडावर सांगते आहे.

पण शास्त्राचा एक भाग राहिला, आणि तो मला सोयीचा नाही. तुटलेलं सूत, वाया गेलेली पट्टी तुम्ही परत मशीनमध्ये टाकायचात, आणि विजेची बचत म्हणून उष्णता जेमतेम ठेवायचात. वितळला की झालं, म्हणायचात. तसं होत नाही. नुसता वितळेल एवढाच तापवला तर तो रस दिसायला अगदी मोकळा दिसतो, पण पूर्वी कुठल्या दिशेने ओढला होता ते त्यात टिकून असतं, आणि गार होताना तो त्याच रेघांवर पुन्हा लवकर गोठतो. विसरायला त्याला बरीच जास्त उष्णता लागते, आणि त्या उष्णतेत काही वेळ नुसतं थांबणं लागतं. गेल्या महिन्यात नेरला मी तरुण वक्त्यांचं शिबिर घेतलं. मुकुटबनची एक मुलगी बोलत होती, विषय चांगला, वाचन चांगलं, आवाज बारीक. मी सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपाशी उभी होते. माझा हात वर गेला. तिने पुन्हा सुरू केलं. हात. पुन्हा. शेवटी तिचा आवाज भिंतीवर येऊन आदळला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ती सुरेख बोलली, बाबा. हेच मला तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. खाली उतरल्यावर ती गळा चोळत होती आणि माझ्याकडे पाहून हसत होती, मी पट्टीकडे पाहून हसले होते तशी.

काल दादा म्होरक्या बांधत बसला होता, मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याने रोलरचा वेग केव्हाच कमी केला आहे. त्याचा दोर जाड निघतो, चमकत नाही, पण गाठीत टिकतो. मी विचारलं, काय बोलणार आहेस. म्हणाला, जे झालं ते. मी म्हटलं, मी लिहून देते, तू वाच. त्याने गाठ आवळून दोर माझ्या मांडीवर टाकला. "तू लिवलं तं तुह्यासारखं पोचन. मले माह्यासारखं पोचू दे."

"अन् अडकला तं?"

"अडकीन. तेच दुकानदार येऊन राह्यले, बाई. त्याईनं अडकतानाच आयकलं होतं मले." मग दुसरा दोर हातात घेत तो म्हणाला, "अन् मशीन बंद राहीन. बाबाच्या टायमाले चालू होती." मला त्याच्याकडे पाहवलं नाही. एवढी वर्षं मी मंचांवरून तुमच्यावर आरोपपत्रं वाचत आले, तुमचं नाव न घेता, दुसऱ्या जुलमी माणसांची नावं घेऊन. आणि हा माणूस नुसतं मशीन बंद करून उभा राहणार आहे.

हे पत्र मी तुमच्या फोटोपुढे ठेवणार नाही. त्यातलं पुढचं वाचून तुम्ही खूश व्हाल आणि तेवढाही आनंद मला तुम्हाला द्यायचा नाही. आज दुपारी दादाने मला वाइंडरपाशी बसवलं आणि समोर पोत्यांपाशी उभा राहून म्हणून पाहिलं, "माहे बाबा." पहिला शब्द मला ऐकू आला, दुसरा आला नाही. माझा उजवा हात मांडीवरून उठला आणि खांद्याच्या वर गेला. मी तो तसाच केसांकडे नेला आणि बट मागे सारली. दादाने पाहिलं की नाही, माहीत नाही. उद्या मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसणार आहे.